उजव्या वळणावरची थरथर

धामणवाडी, ता. सेलू
९ मार्च १९८७

प्रिय सूर्यभान,

सप्रेम नमस्कार. पत्र पाहून नवल वाटेल. तुझा पत्ता कुणाकडंच नव्हता, शेवटी आपल्या पोस्टमन पंडितनं दिला. परभणीत जिंतूर रोडला तुझं मोठं गॅरेज झालंय असं ऐकतो. बरं वाटलं. आपल्या गावचा माणूस कुठंही वर आला तरी नाव गावाचंच होतं.

काम असं की, आमच्या सुमनचं लग्न ठरलंय. चारठाण्याचं स्थळ, मुलगा शिक्षक. तारीख २६ एप्रिल. आबासाहेबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण नात आपल्याच अँबेसिडरमधून सासरी जावी ही त्यांची फार इच्छा होती. म्हणून गाडी बाहेर काढली. आठ वर्षं शेडात ताडपत्रीखाली होती. पेट्रोलचे भाव तुला माहीतच आहेत, कुठं परवडतं! उंदरांनी मागचं सीट खाल्लं, बाकी गाडी खणखणीत. नवी बॅटरी टाकली अन् दुसऱ्या सेल्फला बोलली.

फक्त एक खोड लागलीय. सरळ रस्त्यानं देवासारखी चालते. वळवली की थरथरायला लागते. हिवताप भरलेल्या माणसासारखी. सेलूच्या भुजंग मिस्त्रीला दाखवली. त्यानं आधी टायर बदलले, मग बेअरिंग बदलली, आता म्हणायलाय इंजिन उतरवू. मी म्हणालो, "बाबा, वळताना थरथरते, उभी असताना नाही. इंजिनाचा काय संबंध?" तर म्हणतो, "मालक, सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो." मिस्त्री आहे का कीर्तनकार!

या गाडीची नस तुलाच ठाऊक. एकदा येऊन जा. जमत नसेल तर पत्रानं सांग, मी करून घेतो. कुसुमबाईंना नमस्कार.

तुझा,
बन्सीधर

---

परभणी
१४ मार्च १९८७

बन्सीधरराव,

जयभीम. तुम्ही नमस्कार लिहिलात, मी जयभीम लिहितो. तुम्ही गावच्या शांतता समितीचे अध्यक्ष आहात असं ऐकलं, तेव्हा हरकत नसावी.

नवल वाटेल म्हणालात, ते वाटलंच. गावातून आम्ही निघालो त्याला आठ वर्षं झाली. माझी माय ऐंशी साली गेली तेव्हा तुमच्याकडून दोन ओळींचं कार्ड आलं नाही. आता स्टिअरिंग थरथरलं तर पंडितला धरून पत्ता काढला. माझ्या मायपेक्षा, चांगुणाबाईपेक्षा, अँबेसिडरची तब्येत नाजूक, हे मी समजून घेतो.

मी येणार नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, पण लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या ऑगस्टात भरदुपारी गावातल्या शंभरेक माणसांनी आमचा बौद्धवाडा जाळला. माझी गॅरेजची टपरी, चार खांबांवरचे पत्रे, ओढून पाडली. माय आत पान्यांची पेटी राखत बसली होती. खांब तिच्या मांडीवर आला. पुढं दोन वर्षं ती जगली, पण चालली नाही. कुसुम पोरांना घेऊन ज्वारीत लपली म्हणून वाचली. मी गावात नव्हतो. त्या सकाळीच आबासाहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "गाडीचा क्लच गेलाय, परभणीहून नवी प्लेट घेऊन ये, आजच जा." मी गेलो, म्हणून मी शाबूत आहे. आबासाहेबांना चाहूल लागली असावी आणि मला त्यांनी मुद्दाम बाहेर काढलं असावं, असं मी आजवर धरून चाललोय. या पत्राला उत्तर द्यायचं एवढं एकच कारण आहे.

आता गाडी. गाडी इकडं आणा, अर्ध्या तासात सांगतो. आणणार नसाल तर भुजंगला बाजूला ठेवा, इंजिनाला हात लावू देऊ नका आणि ही माहिती स्वतः गाडी चालवून लिहा:

उजवीकडं वळताना थरथरते, डावीकडं, का दोन्हीकडं? थरथर हातात येते का बुडाखाली? गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना फरक पडतो का? शाळेच्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये गोल चकरा मारा. दहा उजव्या, दहा डाव्या. लोक हसतील, हसू द्या.

ऐकीव लिहू नका. मालकाच्या तोंडाच्या माहितीवर मी गाडी दुरुस्त करणं केव्हाच सोडलंय.

सूर्यभान

---

धामणवाडी
२२ मार्च १९८७

प्रिय सूर्यभान,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. जुनं कशाला उकरायचं? ते दिवसच तसे होते, सगळीकडंच झालं. बाहेरची माणसं आली, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आबासाहेबांच्या उपकाराची तुला जाण आहे हे वाचून मात्र समाधान वाटलं. पुष्कळांना नसते.

तू सांगितलंस तसं केलं. शाळेच्या मैदानात वीस चकरा मारल्या. निम्मं गाव बघायला. माझी चुलती धुरपताबाई म्हणाली, "लगीन पोरीचं अन् फेरे ह्यो घ्यायलाय!" हेडमास्तरांनी तिसरी-चौथीची पोरं बाहेर आणून बसवली. तुझ्यापायी हेही झालं.

निकाल असा: डावीकडं वळवली तर काहीसुद्धा नाही. पाण्यावरची नाव. उजवीकडं वळवली की थरथर. आधी हातात येते, मग पायाखाली. रिकामी असताना थोडी. मागं चार माणसं बसवली, त्यात आपला मुंजाजी वाणी, वजन तुला माहीत आहे, तर अशी थरथरली की मुंजाजी चालत्या गाडीतून उतरला. तासभर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चालवली, पण क्लचनं हूं की चूं केलं नाही. तू पंच्याहत्तर साली घातलेला, अजून तोच आहे. तेव्हाचं कामच वेगळं होतं रे.

गाडी परभणीला आणणं जमायचं नाही. लग्नघर आहे, कुणाला सवड नाही. शिवाय एवढ्या लांब न्यायची छाती होत नाही. भुजंग आता म्हणतो, शॉकअब्सॉर्बर. पुढं काय करायचं ते लवकर कळव. पत्रिका छापून आल्यात.

तुझा,
बन्सीधर

---

परभणी
२७ मार्च १९८७

बन्सीधरराव,

आधी गाडीचं सांगतो, कारण त्यात तुमची पोरगी बसणार आहे.

गाडी उजवीकडं वळते तेव्हा सगळं वजन डाव्या अंगाला जातं. मुंजाजी वाण्यासकट. ते वजन पुढचं डावं चाक तोलतं. उजव्या वळणावरच थरथर, माणसं बसली की जास्त, डावीकडं काही नाही, म्हणजे दुखणं पुढच्या डाव्या चाकापाशी आहे. टायर नाही, बेअरिंग नाही, ते बदलून झाले. शॉकअब्सॉर्बर तर मुळीच नाही. मग उरतं ते चाकाच्या मागचं लोखंड. चाक ज्या पोलादी दांड्यावर फिरतं तो स्टब एक्सल, आणि त्याला धरून ठेवणारं बाकीचं.

असं करा. डाव्या बाजूनं जॅक लावा, चाक काढा. आतलं सगळं रॉकेलनं धुवा, ब्रशनं घासा, आठ वर्षांचं ग्रीस आणि माती निघाली पाहिजे. मग टॉर्च घेऊन तुम्ही स्वतः आडवे व्हा. भुजंग नको, तुम्ही. धोतर खराब होईल, होऊ द्या. दिसेल ते लिहा. तोवर गाडी मैदानाच्या बाहेर नेऊ नका.

आता दुसरं.

तुमचं पत्र मी कुसुमला वाचून दाखवत होतो. क्लचच्या ओळीवर ती म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. ती उठली, बाजेखालची पेटी ओढली आणि त्यातनं कागदात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या पुढ्यात ठेवली. क्लच प्लेट. अँबेसिडरची, कोरी. आबासाहेबांच्या सांगण्यावरनं त्या दिवशी आणलेली. गावात परत आलो तेव्हा टपरी राहिली नव्हती आणि प्लेट बसवायचं भान कुणाला नव्हतं. आठ वर्षं ती आमच्या बाजेखाली आहे. टाकून द्यावी असं कधी वाटलं नाही, का ते माहीत नाही.

मग बन्सीधरराव, गेलेल्या क्लचवर तुम्ही मैदानात तासभर चकरा कशा मारल्या? शेडात पडल्या पडल्या क्लच आपोआप बरा होत असेल तर मला कळवा. मी गॅरेज बंद करून नुसत्या ताडपत्र्या विकतो.

सूर्यभान

---

धामणवाडी
८ एप्रिल १९८७

प्रिय सूर्यभान,

उत्तराला उशीर झाला. लग्नाची धावपळ.

तू म्हणालास तसं केलं. चाक काढलं, धुतलं, मी स्वतः आडवा झालो. आत दांड्याच्या मुळाशी वेल्डिंग केलेलं दिसलं. गुळाच्या खड्यासारखा गोळा आहे, ओबडधोबड. त्याच्या कडेनं केसाएवढी तांबूस रेघ गेलीय. भुजंग म्हणतो, रेघ म्हणजे गंज, वेल्डिंग पक्कं आहे, दहा वर्षं बघायला नको. वेल्डिंग कधी झालं मला कल्पना नाही. आबासाहेबांनी कधीतरी जालन्याला करून घेतलं असेल. ते गेले, आता कुणाला विचारायचं?

क्लचचं म्हणशील तर आबासाहेबांना गाडीतलं काय कळत होतं? दुसरंच काही बिघडलं असेल, ते क्लच म्हणाले असतील. तू खामखा दोऱ्याचा साप करायलास.

सुमनची आई म्हणते, गाडी नेलीच पाहिजे. पाहुण्यांना सांगून झालंय, वरातीचे फोटो गाडीपाशीच काढायचेत. रस्त्यात वालूरच्या पुढं पुलाजवळ तेवढं एक उजवं वळण मोठं आहे. तिथं हळू घेऊ. रेघेवर वरनं आणखी एक वेल्डिंगचा थर मारला तर चालेल का, एवढंच कळव. बाकीचं लिहू नको. घरात पत्रं पोरीच्या हाती पडतात.

बन्सीधर

---

(पाच पोस्टकार्डं. पत्ता प्रत्येकावर: श्री. बन्सीधर आबासाहेब, धामणवाडी, ता. सेलू, जि. परभणी)

११ एप्रिल १९८७

कार्ड पहिलं.
बन्सीधर, आजवर बंद पत्र लिहीत होतो, आज उघडं कार्ड लिहितो. आपल्या गावात कार्ड आधी पंडित वाचतो, मग हॉटेलात वाचलं जातं, मग पारावर, आणि शेवटी ज्याचं त्याला मिळतं. तीच वाट मला पाहिजे. पंडित, जयभीम. हे मोठ्यानं वाच. गाडीत पोरीला बसवू नका. दांड्याला चीर गेलीय. तांबूस रेघ म्हणजे गंज नाही, तडा. वर वेल्डिंग मारलं तर आणखी कडक होऊन काचेसारखा तुटेल. पुलाजवळच्या उजव्या वळणावर भरल्या गाडीचं डावं चाक निखळून पडेल. सुमन, बाई, हे तुझ्यासाठी आहे. मी तुला सहा महिन्यांची असताना याच गाडीतून सेलूच्या डॉक्टरकडं नेलंय. माझं ऐक.

कार्ड दुसरं.
अँबेसिडरचा स्टब एक्सल रस्त्यावरच्या खड्ड्यानं वाकत नाही. मी ती गाडी बारा वर्षं सांभाळली, अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर हेच चाक माझ्या हातानं उतरवून ग्रीस केलं. तेव्हा वेल्डिंग नव्हतं. त्यानंतर ऑगस्टात गाडी ताडपत्रीखाली गेली, ती आता निघाली. म्हणजे हे चाक त्या ऑगस्टात कशाततरी जोरानं पडलं. चाक पडून दांडा वाकावा असा कमरेएवढा खोल, दगडानं बांधलेला, गाडीच्या मापाचा खड्डा गावात एकच होता. माझ्या टपरीपुढं. गाडीखाली काम करायला मीच खणलेला.

कार्ड तिसरं.
त्या खड्ड्याच्या तोंडचा घडीव दगड फुटलेला मी परत आलो तेव्हा बघितला होता. वाटलं, आगीनं तडकला. दगड आगीनं नव्हता तडकला. टपरीच्या खांबाला दोर बांधला, दुसरं टोक गाडीच्या मागच्या बंपरला बांधलं, आणि गाडी पुढं काढली. खांब हलला, गाडीला हिसका बसला, तोंड फिरलं आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं. बाहेरच्या माणसांनी केलं म्हणतोस. बाहेरची माणसं अँबेसिडर घेऊन आली, आणि जाताना तुझ्या शेडात लावून, वर ताडपत्री घालून गेली का?

कार्ड चौथं.
माय म्हणत होती, "मोटारीचा आवाज आला. आपल्याकडं येती तीच मोटार." रोज गाडी तिच्या डोळ्यापुढं उघडायची, तिला आवाज कळत होता. पोलीस आले तेव्हा मी तिला गप्प केलं. म्हणालो, "आय, ती गाडी बंद हाय, क्लच गेलाय तिचा." आणि जबानीत तेच सांगून खाली सही केली. गाडीचा मिस्त्रीच म्हणतो बंद आहे, तर पोलिसांनी कशाला शेड उघडावं? आबासाहेब क्लच गेला म्हणाले, मी मान हलवली, पेडल पायानं दाबूनसुद्धा बघितलं नाही. दुसरं कुणी सांगितलं असतं तर बघितलं असतं. त्यांनी मला वाचवायला नव्हतं पाठवलं. साक्षीदार करून पाठवलं होतं. अन् मी आठ वर्षं त्यांचे उपकार मानायलोय!

कार्ड पाचवं.
आबासाहेबांच्या नावावर घालू नको. आबासाहेबांना गाडी येत नव्हती, जन्मात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. धामणवाडीत ती गाडी चालवणारी माणसं दोनच. एक मी. मी परभणीत क्लच प्लेट घ्यायच्या रांगेत उभा होतो. दुसऱ्याला मी याच मैदानात शिकवलं. तेव्हा तुला 'तू' म्हणत होतो, म्हणून या कार्डांवरही म्हणतोय. शिकवताना एकच गोष्ट दहादा सांगितली होती, गाडी ओढायला लावली तर स्टिअरिंग सैल सोडू नको. तेवढंही तुझ्या ध्यानात राहिलं नाही. जागा संपली.
सूर्यभान

---

धामणवाडी
४ मे १९८७

सूर्यभान,

झालं का तुझं समाधान? एकाच दिवशी पाचही कार्डं आली. पंडितनं चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून हॉटेलात वाचली. चौथं दोनदा वाचायला लावलं लोकांनी. माझ्या हातात पडली तेव्हा त्यांच्यावर चहाचे डाग होते. चारठाण्याला पोचायला एक दिवस पुरला. हळदीच्या दिवशी पाहुणे आले आणि अंगणात उभे राहून गाडीकडं बघत राहिले, चहा घेतला नाही. व्याही म्हणाले, "गाडीचं काय ते आधी खरं करा." मला! ज्याच्या शब्दावर पंचक्रोशीत भांडणं मिटतात त्याला!

मी भुजंगला म्हणालो, "सांग यांना, काही झालेलं नाही." भुजंग म्हणाला, "मालक, मी टायरचं बोलू शकतो. दांड्याचं मी बोलायचं न्हाई." पंधरा दिवस दांडा पक्का म्हणणारा माणूस पाच कार्डांनी फिरला.

मग सुमन बाहेर आली. तोंडाला हळद. भुजंगला म्हणाली, "तो दांडा बाहेर काढा." मी ओरडलो, तिची आई ओरडली. ती म्हणाली, "सूर्यभानकाका खोटं बोलत असतील तर एक घाव घातल्यानं तुमचं काय जातंय?" भुजंगनं काढला, ऐरणीवर ठेवला, एक हातोडा मारला. एकच. खडूसारखा तुटला. सुमन नुसती माझ्याकडं बघत उभी राहिली. तुला पोरगी असेल तर कळेल. नसेल तर नको कळू दे.

लग्न झालं. मोडलं नाही, एवढंच. सुमन २६ तारखेला एस.टी.नं सासरी गेली. मागच्या सीटवर, मांडीवर कोंबड्यांची पाटी घेतलेल्या बाईच्या शेजारी. निघताना माझ्या पाया पडली नाही. दांड्याचे दोन्ही तुकडे तिनं पोत्यात गुंडाळून तुझ्या नावानं एस.टी. पार्सलला टाकलेत, पावती सोबत आहे.

तुला माझ्या तोंडून ऐकायचंय ना? ऐक. हो, मी चालवत होतो. आबासाहेब म्हणाले, काढ गाडी. तू नाही म्हणाला असतास का त्यांना? तूही मान हलवलीच की! शंभर माणसं भोवती ओरडत होती, मी एकटा काय करणार होतो? चांगुणाबाई आत आहेत हे मला माहीत नव्हतं. पत्रे खाली आल्यावर आवाज आला तेव्हा कळलं. मी थांबलो नाही. गाडी खड्ड्यात अडकली होती, ती काढायच्या नादात होतो. वीस माणसांनी उचलून काढली, दांड्याला वेल्डिंग मी मागाहून शेडातच करून घेतलं. तुझ्या आईला कुणी काढलं, मी बघितलं नाही.

आता मिटलं असं समज. मी लिहून दिलं, तुझ्या मनासारखं झालं, पोरगी माझ्यापासून तुटली. आणखी काय पाहिजे तुला?

बन्सीधर

---

परभणी
९ मे १९८७

बन्सीधर,

पार्सल मिळालं. तुकडे आत्ता टेबलावर आहेत.

तुटलेलं लोखंड वाचता येतं. जिथं चीर जुनी असते तिथं तोंड काळं पडतं, तेल आणि माती मुरते. जिथं नुकतं तुटतं तिथं पांढरं, दाणेदार चमकतं. या दांड्याचं तोंड सगळं काळं आहे. एका कडेला तेवढा नखाएवढा तुकडा चमकतोय. म्हणजे भुजंगनं दांडा काढला तोवर गाडीचं चाक त्या नखाएवढ्या लोखंडावर उभं होतं. त्यावर तू मैदानात वीस चकरा मारल्यास. त्यावर तू तुझ्या पोरीला फोटोसकट बसवणार होतास, कारण व्याह्यांना सांगून झालं होतं.

तू विचारतोस, मी आबासाहेबांना नाही म्हणालो असतो का. नसतो म्हणालो. हेच मला जाळतंय. तुझ्या पत्रात तेवढी एक ओळ खरी आहे आणि ती तू माझं तोंड बंद करायला लिहिलीस. पण मी मान हलवली ती क्लच प्लेट आणायला. तू मान हलवलीस आणि गिअर टाकलास. दोन्ही माना एका मापाच्या नाहीत. माझ्या मानेचा हिशोब मी घेतो. तुझा मी माफ करणार नाही, तो माझा नाहीच. तो मायचा आहे, आणि ती दोन वर्षं बाजेवर पडून एकच सांगत होती, "मोटार आली होती रे." मी दर वेळी म्हणायचो, "न्हाई आय, भास झाला तुला." पोटच्या पोरानं आईला खोटं पाडलं, कारण मालकानं क्लच गेला म्हणून सांगितलं होतं.

आणखी काय पाहिजे म्हणतोस. ऐक.

पोलिसांच्या कागदात माझी जबानी अजून आहे: "सदर मोटारगाडी घटनेच्या दिवशी बंद स्थितीत होती, हे मी मिस्त्री या नात्यानं सांगतो." खाली माझी सही. तुमच्या घराला आजवर कुणी हात लावला नाही तो त्या सहीच्या आधारानं. पुढच्या सोमवारी, १८ तारखेला, मी त्याच ठाण्यात जाणार आहे आणि जबानी बदलून देणार आहे. खोटी सही केली म्हणून मला आत घातलं तर घालू देत. कुसुमला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "डबा भरून देते."

ठाण्यात ते म्हणतील, आठ-नऊ वर्षांनी कशाला, आता वातावरण निवळलंय, नामांतराचं घोंगडं वर भिजत पडलंय, तुम्ही का कालवता. तू समितीत हेच बोलतोस म्हणून मला त्यांचं बोलणं पाठ आहे. मी टेबलावर वस्तू मांडणार आहे. दांड्याचे दोन तुकडे. कोरी क्लच प्लेट, आठ वर्षांपूर्वीच्या पावतीसकट. आणि तुझं चार तारखेचं पत्र. पत्राची नक्कल काढून घेतलीय, तेव्हा रस्त्यात ते हरवेल अशी आशा धरू नको.

तुला यायचं असेल तर ये. वालूरहून सकाळची एस.टी. आहे. नाही आलास तरी काम अडणार नाही.

सुमनला मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात तुझं काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की, बाई, तुझ्या नवऱ्यानं पुढंमागं जुनी गाडी घेतली तर घ्यायच्या आधी माझ्याकडं आण. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको.

सोमवारी मी सही करीन. या खेपेला आधी गाडीखाली जाऊन बघितलंय.

सूर्यभान